विणीच्या हंगामात गोव्यात पक्षी पाहायला: दोघांसाठी दोन दिवसांचा बेत

पक्षी पाहायला गोव्यात यायचं ते थंडीत, असं बहुतेक जण सांगतात. नोव्हेंबर ते जानेवारी हवा बरी असते आणि करमळीच्या तळ्यापासून चोडणच्या खाजनापर्यंत, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या सखल जमिनीपर्यंत, उत्तरेकडून आलेल्या बदकांची आणि चिखलात चरणाऱ्या पाहुण्यांची गर्दी असते. पण जे पक्षी बाराही महिने इथलेच आहेत, त्यांची खरी ओळख करून घ्यायची तर ते संसार मांडतात त्या दिवसांत जायला हवं. फेब्रुवारी सरत आला की गोव्यातल्या रानात पहाटेच्या आवाजांत रोज भर पडत जाते. कोणी जागेसाठी भांडत असतो, कोणी चोचीत कोळ्याचं जाळं घेऊन चाललेला असतो, कोणी दिवसभर एकाच फांदीवरून एकच हाक देत बसलेला असतो. पक्ष्याचा स्वभाव कळायला याहून चांगला काळ नाही.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. शनिवार-रविवारची सुट्टी, सोबत एक मित्र किंवा मैत्रीण आणि मुक्काम फोंडा किंवा मोले इथे, असं गृहीत धरून लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विणीच्या हंगामात पक्षी पाहायला जाणं म्हणजे घरटी शोधायला जाणं नव्हे. घरट्याजवळ गेलं की पक्षी जे करतो ते आपल्यामुळे करतो: ओरडतो, उडून जातो, नाही तर दबकून बसतो. लांब उभं राहिलं की तो स्वतःचं काम करतो, आणि आपण आलोय ते तेच काम पाहायला. कायद्यानेही हेच सांगितलं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी बिघडवणं आणि त्यांना त्रास देणं येतं.

महिना निवडताना

सगळे पक्षी एकाच वेळी अंडी घालत नाहीत. धनेश, सुतार, कुटुरगा असे ढोलीत राहणारे पक्षी लवकर, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासूनच कामाला लागतात आणि एप्रिल-मेपर्यंत त्यांची धावपळ चालते. बुलबुल, दयाळ, सुभग, हळद्या, कोतवाल मार्चपासून पुढे. मोकळ्या सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावरची, टिटवी आणि मातीच्या दरडीत बीळ खणणारा वेडा राघूही याच उन्हाळ्यातले. सुगरण, कमळपक्षी, बगळे मात्र पावसाची वाट पाहतात. त्यांच्यासाठी वेगळी फेरी करावी लागते, तिच्याबद्दल शेवटी.

पहिल्यांदाच जात असाल तर मार्चचा मध्य निवडा. ऊन अजून सोसण्यासारखं असतं, पानझडी झाडं उघडी असल्यामुळे फांदीवरचा पक्षी नीट दिसतो, सावर आणि पांगारा यांची उरलीसुरली फुलं पक्ष्यांना खेचत असतात आणि काही थंडीतले पाहुणेही अजून गेलेले नसतात. एका सुट्टीत दोन्ही हंगामांची चव मिळते. फक्त तारीख ठरवताना शिगमो, म्हणजे गोव्यातला होळीच्या सुमाराचा सण, कधी आहे ते बघून घ्या. मिरवणुकीच्या संध्याकाळी फोंडा किंवा पणजीतून गाडी काढणं म्हणजे दोन तास गेलेच, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठायचं असतं.

जोडीने का

रानात एकट्याने जाऊ नये हे तर आहेच. तांबडी सुर्ल्याच्या पुढे, नेत्रावळीत, म्हादईच्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. वळणावर अचानक गवा समोर उभा असू शकतो. पण जोडीने जाण्याचा याहून मोठा फायदा पक्ष्याला होतो.

दुर्बिणीला डोळे लावले की आपल्याला फक्त पक्षी दिसतो. आपण त्याच्या किती जवळ आलोय, किती वेळ झालाय, दुसरा पक्षी मागच्या झाडावर ओरडतोय का, यातलं काहीही कळत नाही. म्हणून दोघांत काम वाटून घ्या. एकाने पाहायचं, दुसऱ्याने सांभाळायचं. सांभाळणाऱ्याची नजर मोकळी असते. तो घड्याळ बघतो, पायाखालची जागा बघतो आणि मुख्य म्हणजे पक्षी वैतागलाय का ते बघतो. थोड्या वेळाने अदलाबदल. माझी मैत्रीण घड्याळाच्या बाबतीत फार कडक आहे. समोर कितीही रंगलेलं असो, तिने मागून खांद्यावर बोट टेकवून "झाली पाच मिनिटं गं, चल" म्हटलं की निघायचंच, अशी आमची बोली आहे. ती पाहत असते तेव्हा मी तेच करते. ही बोली घरून निघण्याआधी व्हायला हवी. पक्षी समोर आल्यावर वाद घालून उपयोग नसतो.

आणखी दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. फोटो काढायचे आहेत की पक्षी पाहायचे आहेत? दोन्ही मन लावून एकाच वेळी होत नाही, आणि एकाला फोटो, दुसऱ्याला भटकंती असं असेल तर दोघांचाही दिवस वाया जातो. दुसरं म्हणजे चालायचा वेग. नवख्या माणसाला वाटतं जितकं जास्त फिरू तितके पक्षी जास्त. प्रत्यक्षात एका तासात अर्धा किलोमीटर चाललात तरी पुष्कळ झालं.

सहा-आठ जणांचा गट करू नका. विणीच्या दिवसांत दोन माणसांना पक्षी काही वेळाने विसरतो. आठ जणांना विसरत नाही.

बरोबर काय घ्यायचं

दुर्बीण दोघांची वेगवेगळी हवी. एकच दुर्बीण इकडून तिकडे जाईपर्यंत पक्षी उडालेला असतो. नवीन घेत असाल तर 8×42 घ्या: आठपट मोठं दिसतं आणि पुढची भिंग 42 मिलिमीटरची असल्याने दाट रानातल्या कमी उजेडातही चित्र स्वच्छ राहतं. दहापट दाखवणारी दुर्बीण मोहात पाडते, पण सवय नसलेल्या हातात ती थरथरते. आदल्या आठवड्यात घरच्या अंगणात सराव करा. समोरच्या माडाच्या चुडतावर (झावळीवर) नुसत्या डोळ्यांनी नजर रोखायची आणि नजर न हलवता दुर्बीण वर आणायची. हे जमलं की निम्मं काम झालं.

कपडे मळकट हिरवे किंवा खाकी, पूर्ण बाह्यांचे. पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. हे सौंदर्यासाठी नाही, गोचिडांसाठी आहे. सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत आणि हा आजार गोचिडीतून माणसाला होतो. त्याचा जोर पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे नेमका आपल्या सहलीच्या दिवसांत असतो. तेव्हा पाचोळ्यावर बसायचं नाही, बसायला दगड किंवा प्लास्टिकची चटई. उघड्या अंगाला कीटक दूर ठेवणारं मलम लावा. मुक्कामी पोचल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, आणि एकमेकांच्या मानेवर, कानांमागे गोचीड चिकटली नाही ना ते बघा. रानात माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना रानात गेला होतात हे आवर्जून सांगा.

पाणी माणशी दोन लिटर. छोटी वही, पेन्सिल. मोबाईलवर मर्लिन हे ॲप भारतातल्या पक्ष्यांच्या माहितीसकट घरूनच उतरवून घ्या. नेट नसतानाही ते आवाजावरून नाव सुचवतं. त्याचं सुचवणं हा अंदाज समजा, पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत नाव लिहू नका.

आणि त्याच ॲपमधले आवाज रानात वाजवू नका. विणीच्या काळात नराला तो आवाज म्हणजे हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो. तो पिल्लांना भरवणं सोडून, अंगातली शक्ती खर्च करून, नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. तुम्हाला फोटो मिळतो, त्याची सकाळ जाते. दिवसातून असे चार गट आले तर काय होईल याचा विचार करा.

शनिवार पहाट: तांबडी सुर्ल्याचा रस्ता

मार्चच्या मध्यात गोव्यात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. त्याच्या थोडं आधी रानाशी पोचलेलं बरं. मोले नाक्याहून तांबडी सुर्ला बारा-तेरा किलोमीटर. हा सगळा भाग भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरातला आहे. कुठे जाता येतं, प्रवेशाच्या वेळा काय, शुल्क किती, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे पडतात का, हे शुक्रवारीच मोल्याच्या वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या. उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की नियम बदलतात. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले तेव्हा रानात जाण्यावर निर्बंध आले होते. काडेपेटी, सिगारेट घरीच राहू दे.

कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ रस्त्याच्या टोकाला आहे. तिथपर्यंत गाडी नेऊ नका. अलीकडे कुठेतरी बाजूला लावा आणि चालत निघा. रस्त्याची कडा ही पक्षी पाहायला फार चांगली जागा असते: एका बाजूला दाट झाडी, दुसऱ्या बाजूला उजेड, आणि वाट सोडून आत शिरण्याचा मोह नाही.

पहिली दहा मिनिटं दुर्बीण उचलूच नका. उभं राहा आणि ऐका. दयाळ सगळ्यांत आधी सुरू करतो. ओहळाच्या बाजूने एखादा मुलगा आपल्याच नादात शीळ घालत चालल्यासारखा आवाज आला तर तो शीळकरी कस्तुर. 'कुटरू, कुटरू' असा न थकणारा घोष कुटुरग्याचा. आवाज कुठून येतोय ते बोटाने दाखवायचा खेळ दोघांनी खेळा, दोघांची बोटं वेगळ्या दिशेला गेली की पुन्हा ऐका. काळं डोकं, पिवळं पोट आणि गळ्यावर शेंदरी-लाल ठिपका असलेला बुलबुल दिसला तर नीट पाहून घ्या, तो गोव्याचा राज्यपक्षी आहे आणि पश्चिम घाटाबाहेर सहसा भेटत नाही.

कुटुरग्याकडे थोडं थांबा. वाळलेल्या फांदीला खालच्या अंगाने गोल भोक दिसलं आणि त्याखालच्या पानांवर ताजा लाकडाचा भुसा पडलेला असला, तर तिथे घर चालू आहे असं समजा. मागे सरका, वीस-पंचवीस पावलं तरी. एखाद्या झाडाच्या खोडाला टेकून उभं राहिलं की थोड्या वेळात तो येतो. फांदीला पायांनी आणि शेपटीने घट्ट धरून डोकं आत घालतो, आतून टकटक ऐकू येते, मग चोच भरून भुसा बाहेर काढून मान झटकून उडवतो. पुन्हा आत. नर-मादी आळीपाळीने हे करतात. दोघे दिसायला सारखेच, त्यामुळे पाळी कधी बदलली हे पकडणं ही एक मजा आहे. सुतारासारखी बळकट चोच याला नसते, म्हणून हा मऊ झालेलं, वाळलेलं लाकूड निवडतो. बागेतली वाळकी फांदी 'घाण दिसते' म्हणून तोडायला निघालेल्या प्रत्येकाला हे दृश्य एकदा दाखवायला हवं.

धनेश

गोव्यात मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि सगळ्यांत मोठा महाधनेश, तिन्ही आहेत. बहुतेक जण त्यांच्यासाठीच रानात येतात, आणि सगळ्यांत जास्त सांभाळायचं तेही यांच्याच बाबतीत.

मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड स्वतःची विष्ठा, अन्नाचा चोथा यांनी लिंपून बंद करते. उरते ती एक उभी फट, चोचीचं टोक बाहेर येईल एवढी. आत ती अंडी घालते, उबवते, तिथेच तिची उडायची पिसंही झडतात. म्हणजे त्या काळात तिला उडता येत नाही. कित्येक आठवडे ती आणि पुढे पिल्लंही एका नरावर अवलंबून. तो दिवसभर वडा-उंबरांची फळं गळ्यात साठवून आणतो, फटीशी बसतो आणि एकेक फळ वर काढून तिच्या चोचीत देतो.

आता विचार करा, झाडाखाली माणसं उभी आहेत. नर येतो, शेजारच्या झाडावर बसतो, माणसं बघतो आणि थांबतो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी फळं तशीच घेऊन उडून जातो. आतल्यांना ती खेप मिळत नाही. आणि रोज कोणी ना कोणी येऊन उभं राहिलं तर ती जागा पुढच्या वर्षी रिकामी राहू शकते. धनेश वर्षानुवर्षं तीच ढोली वापरतात, कारण एवढी मोठी ढोली असलेली झाडं मुळात कमी असतात.

म्हणून धनेश पाहायचे ते फळांच्या झाडावर. पिकलेला वड, उंबर किंवा पायर शोधा. कुठलं झाड पिकलंय हे गावातल्या माणसांना नेमकं माहीत असतं, चहा घेताना विचारा. झाडापासून लांब, सावलीत, दोघांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं. आठ-साडेआठपर्यंत ते येतातच असं नाही, पण आले की आधी ऐकू येतात: त्यांच्या पंखांचा आवाज दुरूनही कानात भरतो. फळ चोचीच्या टोकात धरून, मान मागे टाकून ते घशात कसं सोडतो ते पाहा. एखादा नर एकटाच येत असेल, गळा फुगेपर्यंत फळं भरत असेल आणि दर वेळी एकाच दिशेला सरळ उडून जात असेल, तर तो घरी चाललाय. त्याच्या मागे जायचं नाही. तुम्हाला हवं ते इथेच दिसलंय.

गाईड घेणार असाल, आणि पहिल्यांदा घ्यावाच, तर त्याला आधी एकच प्रश्न विचारा: घरट्यापाशी नेता का? "नेतो ना, अगदी जवळून दाखवतो" म्हणणारा गाईड नको. श्रीलंकन बेडूकमुखासारख्या पक्ष्याच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. तो एकच अंडं घालतो आणि दिवसा नर त्यावर वाळक्या पाल्यासारखा निश्चल बसून असतो. तो हलत नाही याचा अर्थ त्याला त्रास होत नाही असा नाही.

पक्षी 'जा' म्हणतोय हे कसं ओळखायचं

तुम्ही न शोधताही घरट्याजवळ पोचू शकता, वाटेवरच्या झुडपात बुलबुलाचं घरटं असतंच. खुणा या: चोचीत किडा आहे पण पक्षी तो खात नाही आणि कुठे घेऊनही जात नाही, नुसता या फांदीवरून त्या फांदीवर करतोय. एकाच पट्टीत टकटक असा चिडका आवाज सतत चालू आहे. शेपटी झटकतोय. डोक्यावरून खाली झेप घेतोय. किंवा जमिनीवर पंख लोंबवून लंगडत तुम्हाला एका बाजूला घेऊन जायला बघतोय.

यातलं काहीही दिसलं तर सांभाळणाऱ्याने लगेच सांगायचं आणि दोघांनी आलेल्या वाटेने मागे फिरायचं, आवाज थांबेपर्यंत. 'एक फोटो आणि निघू' नाही. झुडूप बाजूला सारायचं नाही, फांदी वाकवायची नाही. घरट्याभोवतीचा पाला सावली आणि आडोसा दोन्ही देतो. तो सरला की उन्हात अंडी तापतात, आणि कावळे, भारद्वाज, माकडं यांना घर उघडं पडतं. कावळा माणसाच्या मागे मागे फिरून पाहत असतो, हे गोव्यातल्या कुठल्याही अंगणात दिसेल.

दुपार आणि सडा

साडेदहानंतर रान गप्प होतं. मुक्कामी या, जेवा, झोपा. राहायला एखाद्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, जागा मिळाली तर उत्तम: पोफळी, मिरी, जायफळ आणि पाटाचं पाणी यांमुळे तिथे भर दुपारीही काही ना काही हलत असतं. मात्र कुळागर आणि काजूच्या बागा कोणाच्या तरी मालकीच्या असतात. मार्चमध्ये बागायतदार सकाळपासून बोंडं गोळा करत असतो, त्याला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. नीट विचारलंत तर तो बहुधा निरो, म्हणजे बोंडांचा ताजा रस, पाजेल आणि हळद्या कुठल्या झाडावर असतो तेही सांगेल.

साडेचारनंतर एखाद्या उघड्या सड्याच्या कडेला जा. इथे नियम एकच: गाडी रस्त्यावर, पाय मळलेल्या वाटेवर. टिटवी घरटं बांधतच नाही म्हटलं तरी चालेल, चार खडे इकडेतिकडे करून जमिनीवरच अंडी घालते. ती बहुतेकदा चार, मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची, आणि जांभ्या दगडाच्या खड्यांत इतकी मिसळलेली की पाय पडल्यावरच कळावं. तिचा आरडाओरडा सुरू झाला की थांबा आणि मागे फिरा.

रस्त्यासाठी कापलेल्या मातीच्या दरडीत वेड्या राघूची बिळं असतात. समोरच्या तारेवर तो बसलेला दिसेल. मधमाशी पकडून आणतो, तारेवर आपटून आपटून नांगी काढतो आणि मग सरळ बिळात घुसतो. हे गाडीत बसून पाहता येतं, आणि गाडीतच बसून पाहा. त्याला गाडीची भीती कमी वाटते.

अंधार पडला की परत. घुबडांवर विजेरी मारत फिरण्याचा कार्यक्रम या हंगामात नको.

रविवार: करमळी आणि चोडण

रविवारी उंचावरचं रान सोडून पाण्याकडे. कोकण रेल्वेच्या करमळी स्थानकाला लागूनच करमळीचं तळं आहे. पहाटे काठावरून पाहिलं की जांभळ्या पाणकोंबड्या, अडई, तांबूस पंखांचा आणि लांब शेपटीचा असे दोन्ही कमळपक्षी नवख्यालाही सहज ओळखता येतात. लांब शेपटी मात्र मार्चमध्ये पूर्ण आलेली नसेल, ती विणीच्या काळातली. या पक्ष्यांत अंडी उबवायचं काम नर करतो आणि मादी पुढच्या नराकडे जाते.

तिथून रायबंदरला या आणि फेरीबोटीने चोडण. धक्क्यापासून डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य चालत जाण्याइतकं जवळ आहे. ते जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचं, सगळं खारफुटीचं. इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक महत्त्वाचं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यावर खेकडे, निवट्या (चिखलातले छोटे मासे) टिपायला पक्षी उतरतात, म्हणून चालत पाहायचं तर ओहोटीला. होडीतून आतल्या पाणवाटांत जायचं तर भरती लागते. होडीवाल्याला इंजिन हळू ठेवायला सांगा आणि बगळे-पाणकावळे बसलेल्या झाडांपासून लांब.

दुपारी घरी परतलात की अंगणात नजर टाका. जांभळ्या पुठ्ठ्याचा सूर्यपक्षी पडवीतल्या तारेवर, जास्वंदीच्या टोकाला, अगदी दाराशी घर टांगतो. वाळक्या सालींचे तुकडे, पाचोळा, सुरवंटाची लेंडी कोळ्याच्या जाळ्याने चिकटवून केलेली ती लोंबती थैली कचऱ्याचा झुबका वाटते आणि साफसफाईत जाते. महिनाभर तिथे झाडू फिरवू नका, एवढं केलंत तरी पुरे.

नोंद कुठे, किती

घरी आल्यावर यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तुमची साधी नोंदही अभ्यासकांच्या उपयोगाची असते. पिल्लाला भरवताना पाहिलं, काड्या नेताना पाहिलं, याच्यासाठी तिथे वेगळ्या खुणा आहेत, त्या वापरा. पण घरट्याची नेमकी जागा टिपणीत लिहू नका, ठिकाण म्हणून सगळ्या परिसराचं नाव द्या. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना मोबाईलचं लोकेशन बंद असू दे. घरट्याचा फोटो तर पाठवूच नका, कितीही चांगला आला असला तरी. एका गटातून दुसऱ्या गटात तो तासाभरात जातो आणि पुढच्या रविवारी त्या झाडाखाली पाच कॅमेरे उभे राहतात.

वाटेत पिल्लू सापडलं तर? पिसं आलेलं, उड्या मारणारं असेल तर ते बहुधा हरवलेलं नसतं, उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळच असतात. मांजर-कुत्र्याच्या वाटेत असेल तर उचलून जवळच्या झुडपात उंचावर ठेवा आणि दूर जा. पिसं नसलेलं असेल आणि घरटं हाताला येत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खरं नाही. जखमी असेल तर खोक्यात, अंधारात, काही न पाजता ठेवून वनखात्याला फोन करा.

पावसातली फेरी

जूनच्या अखेरीपासून भाताच्या खाचरांकडे पुन्हा निघा. सुगरण नर विहिरीवर किंवा पाण्यावर वाकलेल्या माडाच्या झावळीला, बाभळीला घरटी विणत असतात. तो भाताच्या पातीला चोचीने चीर पाडून लांब धागा काढतो, उलटा लटकून गाठ मारतो, आणि निम्मं घर झालं की थांबतो. मादी येऊन पाहते. पसंत पडलं तरच तो पुढची लांब नळी पुरी करतो, नाही तर ते अर्धवट टोपलं तसंच लोंबत राहतं. बांधावर छत्री घेऊन उभं राहून हे सहज दिसतं, जवळ जायची गरजच पडत नाही.

हंगाम संपल्यावर ही घरटी काढून दिवाणखान्यात टांगू नका, आणि बाजारात विकायला आली तर विकत घेऊ नका. रिकाम्या घरट्यांत पुढे मुनिया राहायला येतात.